वाचकांचे प्रश्न : बर्फावरचे रोजंदार

गेल्या अंकात हिवाळी खेळांच्या पानावर माइक सिलिंजर या कॅनडाच्या आइस हॉकीपटूची छोटी चौकट छापली होती. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, तो १,०४९ सामने खेळला, १२ संघांकडून खेळला आणि ९ वेळा त्याची अदलाबदल झाली. चौकटीत एवढंच होतं. बर्फ म्हटलं की गोळ्याची गाडी आठवणाऱ्या आपल्या गावातून त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : बारा संघ म्हणजे बारा ठिकाणांहून काढून टाकलेला माणूस. आमच्या पेठेत दर हंगामाला जर्सी बदलणारा पोरगा दिसला की म्हातारी माणसं म्हणतात, ‘ह्येचं काय खरं न्हाई.’ मग याचं कौतुक कशापायी?
— एक फुटबॉलवेडा, मंगळवार पेठ

उत्तर : काढून टाकलेला वेगळा आणि मागून नेलेला वेगळा. अदलाबदलीत समोरचा संघ काहीतरी मोजून तुम्हाला घेतो. कधी एखादा खेळाडू देतो, कधी पुढच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या बैठकीतली, आपली निवड सोडतो. सिलिंजर नऊ वेळा गेला, याचा अर्थ नऊ वेळा कुणीतरी त्याच्यासाठी खिशात हात घातला. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने त्याला पहिल्या फेरीत, ११ व्या क्रमांकावर उचललं होतं. संघाचा खांब तो कधी झाला नाही, कामाचा गडी मात्र झाला. २००३ च्या उन्हाळ्यात कोलंबसने त्याला डॅलसला दिलं आणि डॅलसने लगेच फीनिक्सला. डॅलसकडून तो एकही सामना खेळला नाही, म्हणून तो संघ बारांत धरतही नाहीत. आणि याच माणसाने वयाच्या ३५ व्या वर्षी न्यूयॉर्क आयलंडर्ससाठी एका हंगामात २६ गोल केले.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. हा शब्द प्रवासावरून आला असं पुष्कळांना वाटतं, पण तो आला दिवसाच्या मजुरीवरून. शिकाऊपण संपलंय, हात तयार झालाय, पण स्वतःचं दुकान नाही आणि रोजावर काम करतोय, असा कारागीर म्हणजे जर्नीमन. आपल्या गुजरीत दुकानाच्या पाटीवर नाव एकाचं असतं आणि आत पाटल्या घडवणारा हात दुसऱ्याचा असतो. तो दुसरा हात म्हणजे हा.

हा हात विकतो काय? गोल नव्हे. गोल करणाऱ्यांना संघ जपून ठेवतो. सामन्याला खेळाचे कपडे घालून बसतात २० जण, त्यात दोन गोली, म्हणजे गोलरक्षक. उरलेल्या १८ जणांत पुढे खेळणाऱ्यांच्या चार फळ्या असतात. पहिल्या दोन फळ्या गोल करतात. चौथ्या फळीला बर्फावर वेळ थोडा आणि कामं ठरलेली. एक काम म्हणजे आपला माणूस दोन मिनिटांच्या शिक्षेवर बसला की चौघांनी पाचांना अडवायचं. इथे मारलेल्या पकसमोर, म्हणजे रबरी चकतीसमोर, गुडघ्यावर बसून अंग घालणारा लागतो. दुसरं काम फेस-ऑफचं, म्हणजे पंच पक टाकतो तेव्हा तो आपल्याकडे ओढायचा. कुस्तीत हात मिळवल्यानंतरचा जो पहिला क्षण असतो, तसंच ते आहे.

फेस-ऑफ लांबून नशिबाचा खेळ वाटतो. जवळून बघा. सेंटर, म्हणजे फळीतला मधला खेळाडू, खालचा हात स्टिकवर पार खाली सरकवतो, कित्येकदा पकड उलटी करतो, पाय खांद्यांपेक्षा रुंद टाकतो आणि नजर पंचाच्या मुठीवर ठेवतो. पकवर ठेवली तर उशीर झालाच. आपल्या गोलकडच्या वर्तुळात बचाव करणाऱ्याला स्टिक आधी टेकवावी लागते, म्हणजे हल्लेखोराला पाव सेकंदाचा फायदा आयताच. कुणी आधी हलला तर पंच त्याला हाकलतो आणि त्याच्या जागी दुसरा गडी येतो. त्याच फेस-ऑफला त्याच संघाने पुन्हा चूक केली तर दोन मिनिटांची शिक्षा. डावखुऱ्याला एका बाजूचं वर्तुळ सोयीचं, उजव्याला दुसऱ्या बाजूचं, म्हणून संघाला दोन्ही हातांचे सेंटर लागतात. एखाद्या संघाचा उजव्या हाताचा सेंटर डिसेंबरात जायबंदी झाला की तिसऱ्याच गावातल्या कुणाचा तरी फोन वाजतो. फिरत्या खेळाडूच्या नावापुढचे संघ वाचताना हे ध्यानात ठेवा. प्रत्येक संघाच्या नावामागे कुणाचा तरी मोडलेला पाय किंवा संपलेला करार असतो.

प्रश्न : या लोकांना पैसे किती मिळतात? ‘टू-वे’ करार म्हणजे नेमकं काय?
— एक लेखापाल, शाहूपुरी

उत्तर : आधी पायऱ्या लक्षात घ्या. वर एनएचएल, ३२ संघ. तिच्याखाली अमेरिकन हॉकी लीग, एएचएल, तिथेही ३२ संघ. प्रत्येक वरच्या संघाला खालचा एक जोडलेला. त्याखाली ईसीएचएल. वरून खाली येणं ही रोजची गोष्ट आहे, आणि तिसऱ्या पायरीवरून वर जाणारेही असतात, विशेषतः गोली.

२०२५-२६ च्या हंगामात एनएचएलचा किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता. नव्या कामगार करारात २०२६-२७ पासून तो साडेआठ लाख धरलाय. वन-वे करारात माणूस वर खेळो की खाली, आकडा तोच. टू-वे करारात दोन आकडे असतात आणि पगार दिवसावर मोजतात. आता तुमच्या पद्धतीने मांडू. हंगाम साधारण १९० दिवसांचा. ७,७५,००० भागिले १९०, म्हणजे दिवसाला सुमारे ४,०८० डॉलर. समजा करारातला खालचा आकडा एक लाख आहे आणि हिशेबाला तेच १९० दिवस धरले, तर दिवसाला ५२५ च्या आसपास. चार दिवसांसाठी वर बोलावलं, एकही सामना खेळवला नाही, नुसतं बसवून ठेवलं, तरी चार दिवसांचे १६,३०० डॉलर. खाली राहिला असता तर २,१००. शुक्रवारी वर बोलावलं आणि रविवारी खाली धाडलं, असं का करतात ते यावरून कळेल. संघही दिवस मोजत असतो, कारण त्या हंगामात सगळ्या संघाच्या पगाराची वरची मर्यादा ९ कोटी ५५ लाख डॉलर होती.

इथे एक गैरसमज पत्रकारसुद्धा करतात. टू-वे करार असला म्हणजे खेळाडूला कधीही खाली पाठवता येतं, असं नाही. टू-वेचा संबंध फक्त पगाराशी. खाली पाठवायचा प्रश्न वेव्हरचा, तो पुढच्या उत्तरात.

दुसरा बारकावा. ज्याचा वरचा पगार त्या हंगामात साडेअकरा लाख डॉलरपर्यंत होता, त्याला खाली पाठवलं की तो संघाच्या पगारमर्यादेतून पूर्ण निघून जातो. त्याहून जास्त असेल तर वरचा फरक संघाच्या डोक्यावर राहतो. म्हणून तिशी ओलांडलेला शहाणा फिरता खेळाडू करार करताना पंधरा लाखांवर अडून बसत नाही. नऊ-दहा लाखांवर सही करतो, कारण स्वस्त गड्याला जवळ ठेवायला संघाला काही जड जात नाही.

हातात मात्र सगळे येत नाहीत. लीग आणि खेळाडूंच्या वाट्याचा ताळमेळ बसेपर्यंत पगाराचा काही भाग अडकवून ठेवतात, एजंट तीन-चार टक्के घेतो, आणि कर ज्या राज्यात जितके दिवस काम केलं त्या राज्यात तितका. फ्लोरिडा-टेक्सासात राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात भरपूर आहे. बारा राज्यांत खेळलेल्याचं विवरणपत्र भरायला तुमच्यासारखाच कुणीतरी बसतो आणि त्याची फी वेगळी.

ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याचा आणि तो काहीशे डॉलरांत. हंगामात राहायला सामानासकट घर संघ देतो, आणि पगारापेक्षा आधार त्याचाच असतो. प्रवास बसचा, शुक्रवार-शनिवार-रविवार सलग तीन सामने. तिथल्या अदलाबदलीच्या कागदावर बदल्यात काय मिळालं या रकान्यात पुष्कळदा ‘फ्यूचर कन्सिडरेशन्स’ असं लिहिलेलं असतं, त्याचा मराठी अर्थ ‘पुढचं पुढे बघू’. माणूस दिला, बदल्यात तूर्त काही नाही. संघ बदलला की घरही सोडायचं.

प्रश्न : वेव्हर म्हणजे काय? लिलावासारखं असतं का?
— एक विद्यार्थी, जयसिंगपूर

उत्तर : लिलाव नव्हे. बोली नसते, फक्त रांग असते. ठरावीक अनुभव झालेल्या खेळाडूला एनएचएलमधून खाली पाठवायचं असेल तर त्याचं नाव आधी बाकी ३१ संघांपुढे ठेवावं लागतं. मुदत २४ तासांची. कुणी हात वर केला तर खेळाडू आहे त्या करारासकट त्या संघाचा. दोघा-तिघांनी मागितला तर गुणतक्त्यात जो तळाला त्याचा हक्क पहिला. हंगामाच्या सुरुवातीला, नोव्हेंबर लागेपर्यंत, मागच्या वर्षीचा तक्ता धरतात. कुणीच मागितला नाही तर तो खाली जातो.

अठराव्या वर्षी पहिला करार केलेल्याला पाच वर्षं किंवा १६० सामने, यातलं जे आधी होईल तोवर सूट. कोवळी पोरं म्हणूनच वर-खाली सहज फिरतात आणि अनुभवी माणूस अडकतो. एकदा वेव्हरमधून सुटलेला खेळाडू पुन्हा वर आला, की वर ३० दिवस भरेपर्यंत किंवा १० सामने होईपर्यंत त्याला परत खाली धाडताना नाव मांडावं लागत नाही. नवव्या सामन्यानंतर एखादा अचानक खाली गेलेला दिसला, तर त्याचा खेळ बिघडला असं समजू नका. दहावा सामना टळला.

वर बोलावलेला माणूस हॉटेलात राहतो. प्रशिक्षक किंवा मॅनेजर एके दिवशी ‘घर बघ’ म्हणतो, तेव्हा मुक्काम पक्का झाला असं समजायचं. काहींची कारकीर्द हे दोन शब्द न ऐकताच संपते.

प्रश्न : पंचविशीच्या पुढे या खेळाडूंच्या यादीत एकदम जर्मनी, ब्रिटन, स्लोव्हाकिया अशी नावं का येतात? आणि या सगळ्यात बायको-मुलांचं काय?
— एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : युरोपची हौस पुष्कळांना असते, पण बहुतेकांना तिकडे ढकलतो एक नियम. एएचएल ही पोरं तयार करायची लीग. तिथे सामन्याला उतरणाऱ्या १८ जणांपैकी किमान १३ जण ‘घडणारे’ लागतात : त्यांतल्या बारांचे व्यावसायिक सामने २६० पर्यंत, आणि एकाचे ३२० पर्यंत. हंगाम सुरू होताना जो आकडा असेल तोच वर्षभर धरतात. ईसीएचएलमध्ये तर २६० सामने झालेले चारच जण संघात चालतात. गोलींना हा नियम नाही. हंगाम ७२ सामन्यांचा. म्हणजे २२ व्या वर्षी सुरुवात केलेला, फारसा जायबंदी न झालेला खेळाडू चार हंगामांत त्या रेषेला टेकतो. २६ वर्षांचा, अंगात रग असलेला माणूस आणि कागदोपत्री म्हातारा! मग त्या मोजक्या जागांसाठी त्याची गाठ तीनशे एनएचएल सामने खेळून खाली आलेल्यांशी पडते. फिरत्या खेळाडूच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा सामना कोणता विचाराल तर तो २६१ वा, आणि त्या दिवशी टाळ्या कुणी वाजवत नाही.

युरोपात अशी रेषा नाही, तिथे परदेशी खेळाडूंची मर्यादा आहे. स्वित्झर्लंडच्या वरच्या लीगमध्ये २०२२ पासून एका संघाला सहा परदेशी चालतात. जागा थोड्या, पगार चांगला, त्यामुळे तिथे जाणारे एनएचएलच्या उंबऱ्यावरचे असतात. ब्रिटनमध्ये परदेशी पुष्कळ, पगार बेताचा, पण राहायला घर, बहुधा गाडीही. युरोपातला करार वाचताना चार गोष्टी बघायच्या : आकडा कर कापून आहे की कापायच्या आधीचा, घराचं वीजबिल कुणाचं, कुटुंबाच्या विम्याचं काय, आणि हंगामाच्या मध्ये काढलं तर परतीचं तिकीट कोण देणार. पहिल्याच मुद्द्यावर नवशिके फसतात. तोंडी सांगितलेला आकडा एक आणि खात्यात आलेला दुसरा.

आजा-पणजा जर्मनीतून गेलेला असेल तर कागदपत्रं जुळवून जर्मन पासपोर्ट काढतात. मग तो परदेशी गणला जात नाही आणि त्याची किंमत रातोरात वाढते. खेळात काडीचा फरक पडलेला नसतो.

दर वर्षी २६ ते ३१ डिसेंबरला दावोसला स्पेंग्लर चषक होतो. १९२३ पासूनची स्पर्धा. तिथला कॅनडाचा संघ मुख्यतः युरोपात खेळणाऱ्या अशाच माणसांतून बांधतात. एनएचएलच्या चौथ्या फळीतही जागा न मिळालेल्याला देशाची जर्सी मिळते ती तिथे.

आता बायको-मुलांचं. हंगाम सप्टेंबर ते एप्रिल, आणि मुलांच्या शाळाही त्याच महिन्यांत. अदलाबदल झाली की खेळाडू दुसऱ्या दिवशी विमानात बसतो. घर आवरणं, भाडेकरार मोडणं, शाळेचा दाखला, गाडी पोचवणं हे मागे राहिलेल्या माणसावर. बायकोला खेळाडूच्या व्हिसावर त्या देशात नोकरी करता येईलच असं नसतं, त्यामुळे तिचं करिअर सहसा आधी थांबतं. शाळा सुरू झालेलं मूल असलेली बरीच घरं यावर एकच तोड काढतात : कुटुंब एका गावी आणि खेळाडू फिरता. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या बाईंना हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रश्न : बर्फ सारवणारा ड्रायव्हर एनएचएलमध्ये खेळला हे खरं का?
— एक रिक्षावाला, बिंदू चौक

उत्तर : खरं. डेव्हिड आयर्स, वय ४२, तारीख २२ फेब्रुवारी २०२०. कॅरोलायनाचे दोन्ही गोली जायबंदी झाले, टोरंटोतला राखीव म्हणून ठेवलेला हा गृहस्थ उतरला, दहापैकी आठ फटके अडवले आणि टोरंटो स्वतःच्याच मैदानावर ६-३ हरलं. पण हे फिरत्या खेळाडूचं उदाहरण नाही. ती एका रात्रीची लॉटरी होती. आपण रोजंदारीबद्दल बोलतोय.

प्रश्न : पायातली स्केट आणि हातातली स्टिक स्वतःची असते की संघाची? संघ बदलला की सगळं नवं?
— इनलाइन स्केटिंगचा एक प्रशिक्षक, ताराबाई पार्क

उत्तर : वरच्या लीगमध्ये खर्च संघाचा, निवड खेळाडूची. संघ बदलला की हेल्मेट, ग्लोव्हज आणि पॅन्ट नव्या रंगाची मिळते. नवे ग्लोव्हज आठवडाभर लाकडासारखे कडक, त्यामुळे पहिल्या काही सामन्यांत एखादा जुन्या संघाच्या रंगाचे ग्लोव्हज घालून दिसला तर ती निष्ठा नव्हे, सोय आहे. स्केट मात्र तीच राहते. बूट भट्टीत तापवून पायाला बसवलेला असतो, तो कुणी सुखासुखी बदलत नाही.

प्रशिक्षक आहात, म्हणून धारेबद्दल जरा सविस्तर. बर्फाच्या स्केटचं पातं सुमारे ३ मिलिमीटर जाड, पण सुरीसारखं धारदार नसतं. खालच्या बाजूला लांबीभर पन्हळीसारखी खाच घासतात, त्यामुळे आत-बाहेर अशा दोन कडा तयार होतात. खाच ज्या वर्तुळाच्या चाकाने घासली त्याची त्रिज्या म्हणजे खाचेचं माप. अर्धा इंच हे पुष्कळांचं नेहमीचं माप. तीन अष्टमांश इंच घेतलं तर खाच खोल, कडा बर्फात जास्त रुतते, वळण आणि ब्रेक घट्ट, पण घसरण कमी आणि मांड्या लवकर भरतात. पाच अष्टमांश घेतलं तर उथळ, घसरण लांब, पण जोरात वळताना पाय सुटू शकतो. वजनदार माणसाला उथळ पुरते. बर्फ थंड आणि टणक असेल तर खोल बरी, मऊ असेल तर उथळ. दर गावचा बर्फ वेगळा, म्हणून फिरता खेळाडू नव्या संघाच्या सामानवाल्याला आधी आपलं माप सांगतो, मग प्रशिक्षकाला भेटतो.

बिघडतं कुठे, तर दोन कडा एका उंचीवर नसतात तिथे. तपासायला पातं उलटं धरायचं, त्यावर आडवी सरळ पट्टी ठेवायची. पट्टी पात्याशी काटकोनात बसली नाही तर एक कड वर आहे. अशा स्केटवर माणूस एका बाजूला बरोबर वळतो आणि दुसऱ्या बाजूला आपटतो. नवशिका दोष स्वतःला देतो आणि महिनाभर चुकीची सवय लावून घेतो. अंगठ्याचं नख कडेवर आडवं हलकेच ओढलं तर नखाचा बारीक भुसा निघायला हवा, तोही पुढून मागपर्यंत सारखा. मध्येच गुळगुळीत लागलं तर तिथे कड मेली आहे.

स्टिकवर ८५, ९५ असे आकडे असतात. दांडा एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो तो हा आकडा. ढोबळ नियम असा की आपल्या वजनाच्या पौंडांतल्या आकड्याचं निम्मं. ८२ किलोचा माणूस म्हणजे १८० पौंड, त्याला ८५-९० ठीक. इथे ठरलेली चूक होते : स्टिक उंच वाटते म्हणून दोन इंच कापतात आणि मग फटका बसत नाही म्हणतात. कापली की दांडा कडक होतो. कापायचीच असेल तर मुळात कमी आकड्याची घ्या.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात तुमच्या पोरांच्या पिशव्यांना जो वास येतो त्यावरही तोच इलाज, जो बसने फिरणारे संघ करतात. सामना संपल्यावर पिशवी बंद ठेवायची नाही. ग्लोव्हज तळवे बाहेर येतील असे उघडून पंख्याखाली, बुटातली गादी काढून वेगळी. बर्फाची पाती असतील तर कोरड्या कापडाने पुसून कापडी खोळीत ठेवायची. चालताना वापरतात ती प्लास्टिकची कडक म्यान घालून ठेवलं तर ओल आत राहते आणि रात्रीत गंज धरतो.

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, चार वर्षं इनलाइन स्पीड स्केटिंग करतो. आता त्याला आइस हॉकी खेळायची आहे. भारतीय माणूस तिथवर पोचलाय का? आम्ही काय करावं?
— एक पालक, राजारामपुरी

उत्तर : भारतीय वंशाचे पोचलेत, आणि त्यांतले दोघे नेमके आजच्या विषयातले. रॉबिन बावा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी घरातला. ड्राफ्टमध्ये कुणी निवडला नाही. १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून एनएचएलमध्ये उतरला. पुढे व्हँकूव्हर, सॅन होजे, अ‍ॅनाहाइम असे चार संघ मिळून वरच्या लीगमध्ये ६१ सामने. बाकीची वर्षं खालच्या लीगमध्ये. दुसरा मॅनी मल्होत्रा. १९९८ मध्ये सातव्या क्रमांकाची निवड, सात संघ, ९९१ सामने, आणि पोट चाललं मुख्यतः फेस-ऑफवर. मार्च २०११ मध्ये डोळ्यात पक बसला, तरी त्याच जूनमध्ये स्टॅन्ली चषकाच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेत तो उतरला. २०१३ च्या शरदात कुणी करार देईना, तेव्हा त्याने एएचएलच्या शार्लटमध्ये २५ सामन्यांच्या चाचणी करारावर सही केली. असा करार दोन्ही बाजू कधीही मोडू शकतात. महिनाभरातच कॅरोलायनाने त्याला वर घेतलं. २०२५ मध्ये एएचएलचा काल्डर चषक जिंकणाऱ्या अ‍ॅबट्सफर्डचा मुख्य प्रशिक्षक तोच, आणि त्याच संघात पंजाबी घरातला अर्शदीप बैन्स होता.

हे तिघेही कॅनडात जन्मलेले, चालता येऊ लागल्यावर बर्फावर उभे राहिलेले. १६ ते २० या वयात ती पोरं ज्युनियर लीगमध्ये मोसमाला साठ-सत्तर सामने खेळतात. तुमचा मुलगा १२ व्या वर्षी बर्फ पाहणार. म्हणून एनएचएलचं गणित आजच बाजूला ठेवा. भारतात आइस हॉकीचा पगार देणारी लीग नाही. राष्ट्रीय स्पर्धांत सैन्य आणि आयटीबीपीचे संघ जोरात असतात, पण तिथला पगार गणवेशाचा आहे. खेळ मात्र खरा आहे : आपला महिला संघ २०१६ ला आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला, २०१७ मध्ये पहिला सामना जिंकला, आणि २०२५ च्या आशिया चषकात त्याने कांस्यपदक मिळवलं. त्या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या.

आता क्रमाने. स्पीडची स्केट हॉकीला चालत नाही. तिचा बूट घोट्याखाली, चाकं ११० मिलिमीटरपर्यंत, सांगाडा लांब; ती सरळ पळायला केलेली आहे. हॉकीच्या इनलाइन स्केटचा बूट घोट्यावर चढलेला आणि चाकं ७६-८० मिलिमीटरची. काँक्रीटवर खेळणार असाल तर ८२ ए किंवा त्याहून कडक चाकं घ्या. हॉलमधली मऊ चाकं बाहेरच्या फरशीवर महिन्यात झिजतात. पहिले सहा महिने स्टिक हातात धरून मागे जाणं, दोन्ही बाजूंना आखूड वळणं आणि थांबणं, एवढंच. स्पीडवाल्या पोरांचा वेग चांगला असतो पण ती एकाच बाजूला, डावीकडे, वळायला शिकलेली असतात. उजवं वळण मुद्दाम दुप्पट घटवून घ्या. मग इनलाइन हॉकीच्या संघात घाला. रोलर स्केटिंग फेडरेशनच्या राष्ट्रीय स्पर्धांत हा प्रकार आहे आणि पक, स्टिक, पासची नजर सगळं तिथेच तयार होतं.

बर्फासाठी गुरुग्रामच्या मॉलमधला छोटा रिंक आहे, डेहराडूनला मोठा बंदिस्त रिंक आहे, आणि नैसर्गिक बर्फ लेहला, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पोचल्यावर पहिले दोन दिवस मुलाला स्केट घालू देऊ नका, भरपूर पाणी पाजा आणि डोकं दुखलं की लगेच सांगायला बजावा. बर्फावर पहिल्या दिवशी तो सगळं जमल्यासारखा पळेल आणि थांबताना पडेल, कारण चाकांवर पाय ओढून थांबायची सवय असते आणि बर्फावर दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडावा लागतो. ते जमायला तीन-चार दिवस पुरतात. सुरुवातीला भाड्याची स्केट चालेल, पण पट्टी ठेवून कडा तपासल्याशिवाय पायात घालू देऊ नका.